आईला लागणारी गाडी

मामांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये चार सहकाऱ्यांसोबत जेवत होतो. कसा आहेस, काय चाललंय, काही नाही. थेट विचारलं, "काय रं, गाडी विकलीस काय?"

"नाही मामा. का?"

"मग तुझी आई बसनं कशी आली इथवर? हेब्बाळला उतरून दुसरी बस धरली म्हणं. या वयात. शेजारचे विचारायलेत, तुमच्या भाच्याकडं मोठी गाडी हाय नव्हं म्हणून. मी काय सांगू त्यास्नी?"

मामांचा आवाज असा की फोन कानाला लावला तरी पलीकडच्या टेबलावर ऐकू जावा. समोरचा सहकारी मराठी समजणारा होता. तो ताटातल्या भातात फार लक्ष घालून जेवू लागला. मी "ऑफिसात आहे मामा, नंतर बोलतो" म्हणून फोन ठेवला. कान गरम झाले होते.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. तरुणपणी नोकरीसाठी निपाणी सोडून बेंगळुरूला आले आणि येलहंकाला घर बांधून इथलेच झाले. आम्ही मारतहळ्ळीला. बाबा गेल्यावर आई निपाणीहून आमच्याकडे राहायला आली, आणि त्याच वर्षी मी ही एसयूव्ही घेतली. जुनी होती, पण धिप्पाड, उंच. आईला ऐसपैस बसता यावं, मामांकडे मनात येईल तेव्हा जाता यावं म्हणून घेतली, असं मी सगळ्यांना सांगायचो. ते खरंही होतं.

आणि आई त्या गाडीत बसेना. "मला गाडी लागती रं," एवढंच म्हणायची. "तुम्ही जावा. मी बसनं जातो की." आमच्या भागातल्या बायका स्वतःला जातो-येतो म्हणतात. माझी बायको पुण्याची, तिला सुरुवातीला ते ऐकून हसू यायचं. आता तीच कधीकधी आईशी बोलताना तसं बोलते.

गाडी लागणाऱ्या माणसासाठी करायचं ते सगळं आम्ही केलं. लिंबू दिलं, लवंग दिली, गोळी दिली. पुढच्या सीटवर बसवलं, काचा उघड्या ठेवल्या, एसी बंद केला, गाडीतला सुवासिक डबा फेकून दिला. तरी सिल्क बोर्डचा चौक यायच्या आत आईचा पदर तोंडाला लागलेला असायचा. एकदा मी वैतागून विचारलं, "कॅबमध्ये कशी लागत नाही गं तुला? सुनेबरोबर रिक्षातून सगळं गाव हिंडतेस, तेव्हा?"

आई म्हणाली, "ती गाडी लहान असती की. ही लई उंच हाय."

हे मला पटलं. उंच गाडी वळणावर डोलते हे मी वाचलंही होतं. माझा स्वभावच असा की एकदा कारण सापडलं की मी त्याच्या मागे हात धुऊन लागतो.

दिवाळीच्या आधी मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. भाऊबीजेला भावानं बहिणीकडे यायचं ही रीत, आणि मामांनी ती कधी चुकवली नव्हती. बहीण निपाणीत होती तेव्हा रात्रभराचा प्रवास करून जायचे. यंदा मात्र बहिणीलाच जावं लागणार होतं. आई ओवाळणीचं ताट आणि करंज्यांचा डबा घेऊन दोन बसा बदलत येलहंकाला जाणार, दारात शेजारीपाजारी उभे असणार, आणि माझी गाडी तळघरात धूळ खात उभी असणार. हे चित्र डोळ्यांसमोर आलं की मला झोप लागेना. काहीही करून भाऊबीजेला आईला माझ्या गाडीतूनच न्यायचं, असं मी ठरवून टाकलं.

त्याआधी एकदा जबरदस्तीनं नेलं होतं तिला, ऑपरेशनच्या वेळी. हेब्बाळच्या उड्डाणपुलावर एक कॅबवाला इंडिकेटर न देता आडवा आला. मी ब्रेक मारला तर चाकातून चिरका आवाज आला आणि स्टिअरिंग हातात थडथड उडालं. त्या कॅबवाल्याला जे बोलायचं ते मी काच खाली करून बोललो. मग पाहतो तर आई खिडकीबाहेर तोंड काढून ओकत होती. मागचे हॉर्न वाजवत होते. त्यांनाही दोन शब्द ऐकवले.

ती थडथड माझ्या डोक्यात बसली. म्हटलं, हेच ते कारण. ब्रेक नीट लागत नाहीत, गाडी गचके खाते, मग कुणाचंही पोट ढवळणारच. गॅरेजमध्ये चाकं काढून पाहिली. पुढचे ब्रेक पॅड संपत आले होते, आणि पॅड ज्या लोखंडी चकतीला धरून चाक थांबवतात त्या डिस्कवर बोट फिरवलं तर चरे लागत होते. दोन्ही बाजूंचे पॅड आणि डिस्क बदलायला हव्यात. मेकॅनिक म्हणाला, गाडी फार चाललेली नाही, त्या मानानं लवकर गेल्या. मी म्हटलं, बेंगळुरूच्या ट्रॅफिकमध्ये दुसरं काय होणार. तो "सरी सार", बरं साहेब, एवढंच म्हणाला.

ते ऐकून मला जवळजवळ आनंद झाला. इतके दिवस आपल्याच आईला आपली गाडी सोसत नाही, ही गोष्ट सांगायची चोरी होती. आता दोष धडधडीत लोखंडात सापडला होता.

मग मी अभ्यासाला लागलो. पॅड कसले घ्यायचे? धातूचा चुरा मिसळलेले घेतले तर जड गाडीला पकड चांगली, तापले तरी दम सोडत नाहीत, पण आवाज करतात आणि डिस्क खातात. सिरॅमिकचे घेतले तर आवाज नाही, चाकावर काळी भुकटी नाही, दाब हळुवार लागतो. डिस्कमध्ये पुन्हा साध्या, भोकांच्या, खाचांच्या. परदेशातले लोक गॅरेजमध्ये उभे राहून यावर तास तास बोलतात, ते सगळे व्हिडिओ मी पाहिले. जेवताना पाहिले, आंघोळीला जाताना पाहिले. बायको म्हणाली, "माझं स्थळ बघताना एवढी चौकशी केली होतीस का रे?"

मी म्हटलं, "तुला परत करता आलं असतं. हे एकदा बसवलं की बसवलं."

ती हसली, पण मग म्हणाली, "ब्रेक बदल, हरकत नाही. पण आईंना नुसतं विचार ना एकदा, नक्की काय होतं ते."

"विचारायचं काय त्यात? ओकताना बघितलं मी."

बायको गाडी उत्तम चालवते, पण या गाडीला सहसा हात लावत नाही. तू शेजारी बसलास की मला चालवता येत नाही, म्हणते. मी फक्त गिअर कधी बदलायचा ते सांगतो.

सिरॅमिक पॅड आणि साध्या डिस्क असं ठरवून मी जे. सी. रोडला गेलो. तो रस्ता म्हणजे गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार. दुकानं अरुंद, माल छतापर्यंत. एका काउंटरवर जाऊन मी ऐटीत म्हटलं, "फ्रंट रोटर चाहिए." व्हिडिओत सगळे रोटरच म्हणत. दुकानदारानं गाडी विचारली, वर्ष विचारलं, थोडा गोंधळला, आत गेला आणि अंगठ्याएवढा प्लास्टिकचा एक तुकडा आणून समोर ठेवला. जुन्या पेट्रोल गाड्यांच्या इंजिनात काही फिरतं, त्यालाही रोटर म्हणतात हे मला कुठे माहीत! मला वाटलं, गिऱ्हाईक नवखं दिसलं म्हणून टोपी घालतोय.

"हा रोटर? याच्यावर गाडी थांबते? मला काय येडा समजलात?" हे मी हिंदीत म्हणालो आणि मोठ्यानं म्हणालो. शेजारच्या दुकानातले लोक बाहेर आले.

"ब्रेकिंदा सार? डिस्क अंत हेळी सार, डिस्क," तो म्हणाला. ब्रेकचं हवंय होय, मग डिस्क म्हणा की. त्यात कुठेही चिडणं नव्हतं. त्यानं तो तुकडा उचलून नेला आणि डिस्कचे दोन जड खोके आणून ठेवले. मी ओशाळलो, पण आवाज एकदा वर गेला की खाली आणायची कला मला येत नाही. म्हणून मग मी पॅड डुप्लिकेट तर नाहीत ना यावरून थोडा वाद घातला. ते डुप्लिकेट नव्हते.

शनिवारी मेकॅनिकनं सगळं बसवून दिलं. सांगितलं, पॅड आणि डिस्क एकमेकांना घासून बसेपर्यंत स्वल्प नाजूक चालवा सार, एकदम जोरात ब्रेक मारू नका. रविवारी पहाटे मी एकटाच बोम्मसंद्राकडे गेलो. कारखाने बंद, आतले रस्ते मोकळे. वेग घ्यायचा, हळूहळू कमी करायचा, पुन्हा घ्यायचा. आवाज नाही, थडथड नाही, पायाखाली लोणी. समोर माणूसच नसल्यामुळे मला कुणाला काही बोलावंही लागलं नाही. किती शांत वाटलं म्हणून सांगू. घरी येताना आईसाठी तिला आवडतात तशी शेवंतीची फुलं घेतली.

"चल आई," मी म्हटलं. "नुसती बाजारापर्यंत. तुला फरक कळेल."

ती नको म्हणत होती, पण फुलं बघून तयार झाली. पुढे बसली, पट्टा लावला. मी मेकॅनिकचं ऐकून नवऱ्या मुलासारखा चालवत होतो. पुलाखाली एक डिलिव्हरीवाला उलट्या दिशेनं मोबाइल बघत आला, अगदी बॉनेटसमोर. मी कचकन ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. मी हॉर्नवर तळहात ठेवून दिला, काच खाली केली आणि त्याच्या डोळ्यांचा, अकलेचा आणि घरच्यांचा उद्धार केला. तो निघून गेला. काच वर केली आणि मी आईकडे वळून हसत म्हणालो, "बघितलंस? आवाज आला? हादरली गाडी? काही नाही!"

आईचा एक हात खिडकीवरच्या कडीला होता. दुसऱ्या हातात तोंडाशी धरलेला पदर. फुलं पायांत पडली होती.

"छान झालीया रं गाडी," ती म्हणाली. "पण मला लागतीच. घरला चल."

माझा संयम सुटला. "अगं, तुझ्यासाठी केलं हे सगळं! इतके दिवस घालवले. आता तरी कारण काय उरलं तुला?" आई पायांतली फुलं वेचत राहिली. मी गाडी घराकडे वळवली.

संध्याकाळी मी खोलीत लॅपटॉप उघडून बसलो होतो. कानाला हेडफोन होता, पण व्हिडिओ संपलेला. बाहेरच्या दारात शेजारच्या अक्का आल्या होत्या. त्या इथल्याच, कानडी बोलणाऱ्या. आईचं आणि त्यांचं छान जमतं, कारण आई निपाणीची, तिला मराठी जितकं येतं तितकंच कानडीही. दारातच त्यांच्या गप्पा चालतात. अक्का आईला विचारत होत्या, भाऊबीजेला भावाकडे कशी जाणार? मुलाची एवढी मोठी गाडी असताना बस कशाला?

आई म्हणाली, "गाडी छलो ऐतव्वा. अवन सिट्ट ननग आगंगिल्ल."

मी मराठी शाळेत शिकलो, पण कानडी मुलांबरोबर खेळलो. मला त्यातला शब्दन् शब्द कळला. गाडी चांगली आहे बाई. त्याचा राग मला सोसत नाही.

अक्का काहीतरी म्हणाल्या. आई हसली आणि कुठल्याशा भाजीविषयी बोलू लागली. मी हेडफोन कानावर तसाच ठेवून बसलो. काढला असता तर ऐकलं हे तिला कळलं असतं.

लाज वाटणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मामांच्या फोनवर कान गरम झाले होते ती लाज लोकांची होती. ही वेगळी. आई माझ्याशी मराठीत बोलते आणि माझ्याविषयीचं खरं दुसऱ्या भाषेत, दाराबाहेर सांगते. ते सांगतानाही तिनं तक्रारीचा सूर लावला नव्हता. दूध नासलं, पाणी उशिरा आलं, तसं सांगितलं. म्हणजे तिला हे आज कळलेलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं. बायको म्हणाली होती विचार म्हणून.

आमचे बाबा रागीट होते. ताट सरकवून उठायचे, दाराची कडी हादरेल असे ओरडायचे. अशा वेळी आईचं डोकं दुखायचं. आत जाऊन पडायची. आम्हाला वाटायचं, आईला अर्धशिशी आहे. बाबा गेल्यानंतर तिचं डोकं कधी दुखल्याचं मला आठवत नाही, आणि हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. बाबांसारखं व्हायचं नाही हे मी लहानपणी किती वेळा घोकलं असेल! घरात मी आवाज चढवत नाही. बायकोवर नाही, मुलीवर तर नाहीच. मी फक्त रस्त्यावर चिडतो, परक्या माणसांवर, आणि त्यांची चूक असते तेव्हाच. तो राग मी रागात मोजतच नव्हतो. आई मात्र त्या रागाच्या शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसलेली असायची. तिला तो कुणावर आहे यानं काय फरक पडणार होता?

आईची माफी मागावी असं मनात आलं. दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. पहिल्यांदा पाणी पिऊन परत आलो, दुसऱ्यांदा उगाच डबे उघडून बघितले. "भूक लागली व्हय रं?" आईनं विचारलं. मी हो म्हटलं. तिनं चिवडा दिला. तो मी तिथंच उभ्या उभ्या खाल्ला.

भाऊबीजेच्या सकाळी मी बायकोच्या हातात किल्ली दिली. "तू चालवतेस का? खांदा दुखतोय माझा."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. तिला बरंच काही म्हणता आलं असतं. "बरं," ती म्हणाली, "पण तू मागे बसायचंस."

आई ताट घेऊन दारात उभी होती, पायात चपला, हातात बसच्या प्रवासाची कापडी पिशवी. "आई, आज मी चालवतेय," बायको म्हणाली. आईनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग मला म्हणाली, "खांदा दुखायलाय व्हय? रातच्याला तेल लावून देतो." आणि जाऊन पुढच्या सीटवर बसली. गोळी मागितली नाही, लिंबूही नाही. लाजेनं मला तिच्या पाठीकडेही बघवेना.

मी आणि मुलगी मागे. रिंग रोडवर सणाची गर्दी होती. एक टेम्पो घुसला, एका दुचाकीनं आरसा घासत नेला. प्रत्येक वेळी माझा पाय आपोआप पुढची सीट दाबायचा आणि जिभेवर शब्द यायचा. मी तो गिळायचो. बायको टेम्पोला जाऊ द्यायची, पाय हलका टेकवायची, गाडी थांबायची. ब्रेक सुरेख लागत होते. आई काच थोडी उघडून बाहेर बघत होती. नवे पूल, मेट्रोचे खांब, कुठली साड्यांची दुकानं, सगळ्यांवर काहीतरी बोलत होती. इतकी बडबडी आई मी या गाडीत पाहिली नव्हती. हेब्बाळचा पूल आला आणि गेला. त्या वेळी ती करंज्यांना यंदा खसखस कमी पडली हे सांगत होती.

मामांच्या गल्लीत गाडी लावायला जागा नव्हती. बायकोनं आम्हाला कोपऱ्यावरच उतरवलं आणि मुलीला घेऊन ती जागा शोधत पुढे गेली. मी पिशवी घेऊन आणि आई ताट घेऊन चालत दाराशी गेलो. मामा काठी धरून व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. शेजारचे दोघे-तिघे फराळाला आलेले.

"कशी आलीस गं?" मामांनी तिथूनच विचारलं.

आई पायरीवर थांबली. आवाज थोडा चढवला, शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल इतका. "लेकानं आणलं की. माझ्यासाठी गाडीला नवीन ब्रेक बसवलाय त्यानं. असा जपून चालवतोय म्हणून सांगू दादा, पोटातलं पाणी हललं नाही माझं."

"मग! भाचा कुणाचा हाय?" मामा शेजाऱ्यांकडे बघून म्हणाले. शेजारी कौतुकानं हसले. एकानं माझ्यासाठी खुर्ची सरकवली.

गाडी मी चालवली नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं. आई माझ्याकडे बघत नव्हती. ती ताटातली निरांजनाची वात सारखी करत होती. बाबांविषयी कुणी विचारलं की ती अशीच काहीतरी सारखं करत बोलायची, आणि अशीच छान बोलायची.

मी पिशवी खाली ठेवली आणि मामांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी पाठीवर हात ठेवून "पुरे, पुरे" म्हटलं. मी वाकलेलाच राहिलो.